गीताबाईंचा गजर

१

गीताबाईंना जाऊन पाच वर्षं झाली होती, तरी घाटनांदूरच्या त्या घरात त्या रोज पहाटे पाचला ओरडत असत. गेल्या बुधवारी पहाटे त्या ओरडल्या नाहीत.

एवढ्यावरून घर मोडायला निघालं, आणि ते सावरायला शुक्रवारी सकाळी वत्सलाबाईंना बीडहून एसटीने यावं लागलं. वत्सलाबाई म्हणजे आप्पांची थोरली बहीण. बीडच्या कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या टाईप करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. त्यामुळे नात्यागोत्यात कुठंही काही बिघडलं की लोकांना त्या न्यायाधीशच वाटत. न्यायाधीश वर बसतो, टाईप करणारी खाली बसते, हे त्यांनी अनेकदा सांगून पाहिलं होतं. कुणी ऐकत नसे.

वाड्यावस्त्यांची धूळ खाऊन त्या अंगणात पोचल्या. बसायला कट्टा पाहिला, तर त्यावर बॅटरीचे दोन जाडजूड सेल उन्हात मांडलेले. त्यांनी ते हाताने सारले आणि चटका बसला तसा हात झटकला.

"ह्या घरात माणसाला सावली न्हाई, आणि सेलांना मात्र ऊन लागतं," त्या पुटपुटल्या.

ओसरीवर आप्पा बसले होते. नाव धर्मराज, पण गावाला आप्पाच ठाऊक. जनावरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेले. पुढ्यात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा.

"धर्मा, हे काय जेवण हाय का?"

"तिच्या हातचं खाणार न्हाई म्या."

ती म्हणजे सून अंजना. ती दारातच उभी होती, आणि तिच्या पायाशी कपड्यांनी फुगलेली बॅग होती.

"आत्याबाई, मी दुपारच्या गाडीनं पालीला चाललेय, माहेरी," ती म्हणाली. "चोर म्हणून ह्या घरात ऱ्हायची न्हाई. आन एकदा गेले की मग येणार न्हाई, आत्ताच सांगते."

मुलगा आदिनाथ खांबाला टेकून असा उभा होता, जणू परक्याच्या लग्नात मानपानावरून भांडण जुंपलं होतं आणि हा आपला वऱ्हाडी.

"चोरीला काय गेलं?" वत्सलाबाईंनी विचारलं.

आप्पांनी कापडी पिशवीतून एक करडं यंत्र काढून गुडघ्यावर ठेवलं.

"आवाज," ते म्हणाले. "तिनं पुसला. माझ्याकडं पुरावा हाय."

२

त्या यंत्राला आप्पा पामटॉप म्हणत. चष्म्याच्या घरापेक्षा थोडं मोठं, डबीसारखं उघडणारं. आत बारीक बटणं आणि हिरवट पडदा. मोबाईल गावात यायच्या आधी वत्सलाबाईंच्या हरिओमने ते परदेशातून मामासाठी आणलं होतं. ही पीडा आपल्याच पोराने ह्या घरात आणली, हे वत्सलाबाई स्वतःला नेहमी सांगत.

त्यानंतर आप्पांनी दुसऱ्या कशावर विश्वास ठेवला नाही. शेरडांना लस कधी द्यायची ते पामटॉपात. एसटीच्या वेळा पामटॉपात, त्यातल्या निम्म्या गाड्या बंद होऊन युग लोटलं तरी. एकादशी कधी, गोळी कधी, कुणाच्या घरी लग्न कधी. पूर्वी घरात तारेचा फोन होता, तेव्हा आप्पा यंत्र रिसीव्हरला लावत, यंत्र टूं-टां करी आणि नंबर आपोआप लागे. तेवढं बघायला गल्ली जमायची. घरात तीन मोबाईल आले तरी आप्पा बेरीज करायला पामटॉपच उघडत. दोन पेन्सिल सेल घातले की महिनामहिना चालतो म्हणे. मोबाईलला रोज चारावं लागतं, ह्याला उपासही चालतात.

त्यात आवाज भरायचीही सोय होती. बायको गीताबाई असताना एकदा आप्पांनी गंमत म्हणून त्यांचा आवाज भरला आणि तोच गजराला लावला. पुढे गीताबाई गेल्या. गजर राहिला.

"ओ, उठा की! शेरडं वरडायलीत!"

बुधवारी तो वाजला नाही. उजाडता सहाला आप्पा आपले आपण जागे झाले, यंत्र उघडलं, तर सगळं कोरं. लसी नाहीत, एकादशा नाहीत, गीताबाई नाहीत.

"घड्याळबी बिघडवून ठेवलंतं," आप्पा म्हणाले. "सकाळचे सहा, आन ह्यात दुपारचे दोन! तारीख एक जानेवारी! मुद्दाम केल्याशिवाय हुतंय का असं?"

"आणि पुरावा?"

आप्पांनी मागचं झाकण सरकवून एक पेन्सिल सेल काढला आणि वत्सलाबाईंच्या तळहातावर ठेवला. एका बाजूला पांढरं, कडक काहीतरी वाळून चिकटलं होतं. त्यांनी नखाने खरवडलं, हुंगलं. आंबूस वास आला.

कुरडईचा चीक.

"मंगळवारी घरात कुरडया कोण करत हुतं ते इचार," आप्पा म्हणाले.

वत्सलाबाईंनी दाराकडे पाहिलं. अंजनाच्या नखांच्या कडेला अजून पांढरट रेघ होती.

३

खरं तर तिथेच उठून बीडची गाडी पकडावी असं वत्सलाबाईंना वाटलं. पुरावा आहे, आरोपी आहे, बॅगही भरलेली आहे. पण कोर्टात त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. फार लवकर सापडलेला पुरावा टाईप होताना वकील मंडळी नेहमी पाय हलवू लागत. अर्थात त्याचा अर्थ काय, हे त्यांना कधीच नीटसं कळलं नव्हतं. त्या फक्त टाईप करत.

त्यांनी आदिनाथला शेळ्यांच्या गोठ्यात गाठलं.

"तुला तो गजर नको होता ना?"

"आत्या, कुणाला पाह्यजे हुता?" आदिनाथ एकदम उसळला. इतका वेळ खांबाला टेकलेला माणूस हाच का, असा त्यांना प्रश्न पडला. "रोज पहाटं मेलेली आई वरडते. लेकरू दचकून उठतं. मी आप्पाला म्हणलं, आवाज कमी करा. तर म्हणले, तुझ्या आईचा आवाज कधी कमी हुता का? एकदा मी ते हिरीत टाकायला निघालतो. हिरीपर्यंत गेलो बी."

"मग?"

"वाजलं की ते हातात. 'उठा की' म्हणली. आईच ती. कसं टाकणार?"

"मंगळवारी कुठं होतास?"

"अंबाजोगाईला. बोकड घेऊन गेलतो बाजारात. दिवेलागणीला आलो. घरी येऊन जेवलो, झोपलो. पुढचं मला काय म्हाईत न्हाई."

"आणि बायको माहेरी चाललीय, ते तरी माहीत हाय का?"

"हाय की."

"मग तू काय म्हणालास तिला?"

आदिनाथने शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "मी म्हणलं, आत्या यायलीय."

वत्सलाबाईंनी डोळे मिटले. ह्या घरातले पुरुष आपलं तोंड वापरायचं सोडून बाकी सगळी यंत्रं वापरत होते.

"अजून कोण आलं होतं मंगळवारी?"

"बंकट आलता सकाळी," आदिनाथ म्हणाला. "ते यंत्र त्याला पाह्यजे हाय. लई दिवसापासून मागं लागलाय. आन आप्पा पाणी आणायला आत गेले, तवा तो एकटाच हुता त्याच्यापाशी."

४

बंकट स्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करायचा. टपरीत उघड्या मोबाईलांची आतडी टांगलेली, आणि मधोमध बंकट, डोळ्याला भिंग लावलेला.

"आक्का, तुमी बी मलाच धरा," तो म्हणाला. "ए, उठ जरा, आक्काला बसू दे," असं म्हणत एका गिऱ्हाइकाला उठवून त्याने स्टूल पुढे केलं. "मला पाह्यजे हुतं, खोटं कावून बोलू? पुण्याचा एक छंदी माणूस असल्या जुन्या वस्तू जमा करतोय. पण चालू पाह्यजे त्याला. मेलेलं यंत्र नेऊन मी काय लोणचं घालू?"

"आतला मजकूर पुसला तर यंत्र मरतं का?"

"न्हाई मरत. उलट बरं. साफसूफ मिळतं." तो जीभ चावून थांबला. "हे बोलायला नगं हुतं का?"

"नको होतं. तू एकटा होतास त्याच्यापाशी."

"हुतो. पण आप्पा पाणी घेऊन आले, आन मला म्हणले, ऐक आमची मालकीण. आन दाबलं की त्यांनी. 'शेरडं वरडायलीत.' मी आपलं वहिनीच्या आवाजाला रामराम घातला आन निघालो. कुरडयाचा चीक शिजत हुता चुलीवर, वाटीभर खाऊन गेलो तेल-मीठ टाकून. इचारा अंजनाला."

म्हणजे बंकट निघाला तेव्हा आवाज होता. त्याचं खरं मानलं, तर पुसला गेला तो नंतर. आणि नंतर घरात राहिली अंजना आणि तिचा चीक. वत्सलाबाई उठल्या.

"आक्का," बंकट मागून म्हणाला, "आप्पाचा आवाज ऐकला का तुमी दोन दिवसांत? माणूस बसलाय पार. मी घेत न्हाई ते यंत्र. फुकट दिलं तरी घेत न्हाई."

परत येताना ऊन डोक्यावर आलं होतं. दुपारची गाडी फार लांब नव्हती, आणि सगळी बोटं अजून एकाच दाराकडे वळत होती.

५

अंजना माडीवर होती. प्लास्टिकच्या कागदावर कुरडया वाळत पडल्या होत्या. निघून चाललेली बाई एकेक उलटी करत होती.

"जायचंय ना तुला?"

"जायचंय. म्हणून काय कुरडया सोडू?"

वत्सलाबाई तिच्याशेजारी बसल्या. खाली बसताना गुडघा बोलला. "तुला तो आवाज नकोसा होता."

"हुता," अंजनाने मान वर केली नाही. "आत्याबाई, सासू जित्ती होती तवा मला कधी वरडली न्हाई. मेल्यावर रोज वरडायली. लेकराला परीक्षेत झोप पुरंना. मी आप्पांना दोनदा बोलले. तिसऱ्यांदा बोलले न्हाई. पण पुसला न्हाई मी. मला पुसता येतो, बरं का. बीए झालेय मी. त्यातलं इंग्रजी आप्पांना मीच वाचून दाखवायचे."

"कसलं इंग्रजी?"

"महिनाभर झालं, उघडलं की पाटी यायची. बॅकअप बॅटरी कमी झालीय म्हणून. मी तीनचारदा वाचून दाखवली. ह्यांनी बी ऐकलं, म्हणले नवा मोबाईल घ्या. आप्पा म्हणले, बघतो मी, मला म्हाईत हाय इलाज."

"मंगळवारी दुपारी कुठं होतीस?"

"खालच्या आळीला. मोहिनीच्या लेकीचं लग्न हाय, बांगड्या भरायला बोलवलंतं. चीक घातला, कुरडया पाडल्या, आन लेकराला घेऊन गेले. पार अंधार पडता आले. पन्नास बायकांत बसले हुते."

"आणि इथं कावळे? शेळ्या?"

"आप्पांना बसवलं हुतं की राखायला. काठी घेऊन."

वत्सलाबाईंनी कुरडयांकडे पाहिलं. मग हातातल्या सेलाकडे, जो त्यांनी नकळत मुठीत धरून आणला होता. चीक फक्त एका बाजूला होता. बोटाने धरलेल्या वस्तूला दोन बाजूंनी ठसे लागतात. ही वस्तू कुणी धरली नव्हती. ही पडून होती.

आणि मग त्यांना कोर्टातली वीज आठवली. पूर्वी वीज गेली की त्यांचा जुना कॉम्प्युटर सगळं विसरायचा. परत आला की कुठल्यातरी वर्षाची एक जानेवारी आणि रात्रीचे बारा. मध्यरात्रीपासून त्याचं आयुष्य नव्याने सुरू. तशा तारखेच्या एका आदेशावर सही झाली होती, तेव्हा साहेब केवढे चिडले होते.

"अंजना," त्या एकदम उठल्या, इतक्या एकदम की गुडघ्याला बोलायला सवड मिळाली नाही. "बंकटला बोलावणं धाड. त्याची हत्यारं घेऊन ये म्हणावं. आणि कुणीही ओसरी सोडायची नाही."

६

सगळे ओसरीवर बसले. आप्पा एका टोकाला, अंजना दुसऱ्या, आणि मध्ये आदिनाथ, कुणाकडे बघावं ते न कळून शेळीकडे बघत.

वत्सलाबाईंच्या मनात एक सोपी वाट येऊन गेली. यंत्र म्हातारं झालं, आपोआप गेलं, असं म्हणावं. कुणाचं काही जाणार नव्हतं. पण अंजनाच्या कपाळावरचा डाग पुसणार नव्हता. 'आपोआप' हा शब्द घरातली माणसं कधी खरा मानत नाहीत. आणि आपलं चुकत असलं तर? चुकलं तर चुकलं. एकदा तरी वरच्या खुर्चीत बसून बघू.

"बंकट, ह्या यंत्रात दोन पेन्सिल सेलांखेरीज आणखी काही असतं?"

बंकटने भिंग लावलं, यंत्र उलटं केलं, स्क्रूड्रायव्हरने एक छोटं झाकण उचकटलं आणि बटणासारखा चपटा सेल बाहेर काढला. मीटरच्या दोन तारा लावल्या. काटा जागचा हलला नाही.

"मेलाय हा," तो म्हणाला. "पार."

"हा कशाला असतो?"

"मोठे सेल बदलताना यंत्राची याददाश्त हा धरून ठेवतो, आक्का. हा मेला, आन मोठे काढले, की झालं. सगळं साफ."

आप्पा चमकले. "असला सेल हाय त्याच्यात? हरिओम यायचा तवा उघडून कायतरी करायचा. मी म्हणायचो, सर्व्हिसिंग करतोय."

"तो किती वर्षांत आला नाही, ते मला माहीत आहे," वत्सलाबाई म्हणाल्या. "आता ऐका. बुधवारी सकाळी सहाला घड्याळात दुपारचे दोन होते. यंत्र मध्यरात्रीपासून नवं सुरू होतं. म्हणजे त्याला जन्मून चौदा तास झाले होते. चौदा तास मागं जा."

आदिनाथ बोटं मोजू लागला. अंजना त्याच्या आधी म्हणाली, "मंगळवारचे दुपारचे चार."

"त्या वेळेला सेल परत आत गेले. बंकट सकाळीच गेला होता. आदिनाथ अंबाजोगाईला. तू बांगड्या भरत होतीस. घरात एकच माणूस होता."

खाली अंगणात शेळी ओरडली.

वत्सलाबाई भावाकडे वळल्या, आणि कोर्टात कधीच न विचारलेला प्रश्न त्यांनी अगदी सहज विचारला. "धर्मा, मंगळवारी पामटॉपाचे सेल कुठं तापत ठेवलेतेस?"

"कुरडयाच्या कडंला, कागदावर," आप्पा लगेच म्हणाले. "तिथं लई चांगलं ऊन—"

ते थांबले.

ह्या घरात सेल मंदावले की उन्हात तापवायचे, हे श्वास घेण्यासारखं होतं. बॅटरीचे, रेडिओचे, पामटॉपाचे. आप्पा वीस वर्षं तेच करत आले होते. वीस वर्षं काही झालं नाही, कारण तो चपटा सेल आत बसून निमूट राखण करत होता. मग तो थकला, यंत्र महिनाभर पाटी दाखवून सांगत राहिलं, अंजना वाचून दाखवत राहिली, आणि आप्पांनी त्यावर त्यांना ठाऊक असलेला इलाज केला. ओल्या कुरडयांशेजारी दोन सेल मांडले, उतरतं ऊन लागलं तसे चष्म्याविना गोळा करून परत घातले, यंत्र न उघडताच पिशवीत ठेवलं.

"मी नेहमीच तापवतो की," आप्पा हळू म्हणाले. "ते काय हात लावणं झालं व्हय?"

"नाही झालं. म्हणूनच तू मला सांगितलं नाहीस. आणि मी विचारलं नाही."

"परत येईल का रे?" आप्पांनी बंकटला विचारलं. यंत्राकडे न बघता.

बंकटने भिंग काढलं. "न्हाई, आप्पा."

आप्पांनी पुढ्यातली शेंगदाण्यांची टरफलं एका जागी सारली. मग म्हणाले, "आक्का, तिला सांग, जाऊ नगं म्हणावं."

वत्सलाबाईंचा संयम तिथे संपला. "माझा आवाज नीट ऐक, धर्मा, तो कशात भरून ठेवता येणार नाही. ती तुझ्यासमोर बसलीय. तुझ्यापासून चार हातांवर. मी बीडहून एसटीने धक्के खात आलेय ते तुमचं बोलणं इकडून तिकडं न्यायला नाही. तूच सांग!"

आप्पा तिच्याकडे वळले.

"अंजना," ते म्हणाले. ती ह्या घरात आल्यापासून एकदाही त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. "म्या केलं ते. आन तुझ्यावर घातलं."

अंजना बॅगेकडे बघत होती. वत्सलाबाईंना वाटलं, आता ही बॅग आत नेईल. आदिनाथला तर तसं इतकं वाटलं की तो बॅग उचलायला उठलाच.

"ठिवा ती," अंजना म्हणाली. "मी जाणार हाय पालीला."

"आता कावून?" आदिनाथ.

"तीन दिवस सगळ्या गल्लीनं ऐकलंय, आप्पा सुनेच्या हातचं खाईनात. पालीत बी गेलंय ते, मावशीनं फोन केलाय. ते इथं ओसरीवर बोलून फिटत न्हाई." ती आप्पांकडे वळली. आवाज चढला नाही, पण एकेक शब्द सुटा आला. "सोमवारी मला न्यायला या. ह्यांना धाडू नका, आत्याबाईंना न्हाई, तुमीच या. आन आत्ता जे बोललात, ते माझ्या बापासमोर बोला."

सुनेला आणायला सासऱ्याने स्वतः जावं आणि व्याह्याच्या दारात चूक कबूल करावी, हे त्या पंचक्रोशीत कुणी पाहिलं नव्हतं. वत्सलाबाईंनी आयुष्यभर निकाल टाईप केले होते, पण असा एकही त्यांच्या बोटांखालून गेला नव्हता.

आप्पांनी खाली मान घालून विचारलं, "कोणत्या गाडीनं येऊ?"

"सकाळच्या. पण आधी जेवा." अंजना उठून पदर खोचत होती. "माझा बाप उपाशी माणसाला दारात बोलू देत न्हाई. धरून पाटावर बसवतो, वाढत ऱ्हातो, आन बोलायचं ते ऱ्हाऊन जातं. तुमाला तिथं बोलायचंय. तवा उपास आजच सोडा."

ती आत गेली. ताट-वाटीचा आवाज आला. आप्पांनी शेंगदाण्यांची टरफलं गोळा करून धोतराच्या सोग्यात भरली, उठले, हात धुतले, आणि आत जाऊन पाटावर बसले.

गाडीला अर्धा तास होता. अंजना भाकरी मोडून वाढत होती, आणि आप्पा पुरे म्हणत नव्हते.